इन्शुलिन पेशीबाहेर कसं येतं?

इन्शुलिन टोचून घेणारा मधुमेही लॅबमध्ये ‘सी-पेप्टाइड’ तपासून घेतो, तेव्हा मोजली जाते ती पेशीत इन्शुलिन घडताना निघालेली कात्रण. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत आधी 110 अमिनो आम्लांची साखळी बनते. बनता बनताच ती आंतर्द्रव्यजालिकेत शिरते. तिथे टोकाचे 24 दुवे छाटले जातात, घडी बसते. मग पटलाच्या इवल्या पिशव्यांतून गॉल्जी संकुलात. तिथून निघालेल्या साठवणीच्या पिशव्यांत मधला तुकडा, म्हणजेच सी-पेप्टाइड, कापला जातो. 51 दुव्यांचं इन्शुलिन जस्तासह स्फटिक होऊन थांबतं. जेवणानंतर साखर वाढली की पिशवी पेशीपटलात मिसळते आणि दोन्ही समप्रमाणात रक्तात. टोचलेल्या इन्शुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, त्यामुळे ते मोजलं की रुग्णाचं स्वतःचं स्वादुपिंड किती कामाचं उरलंय ते कळतं. स्वादुपिंडाच्याच पेशींत ही वाट शोधणाऱ्या जॉर्ज पॅलेड यांना 1974 मध्ये नोबेल मिळालं.