बालकाचा हट्ट आणि त्याचे शमन

दोन-अडीच वर्षांचे मूल मनासारखे झाले नाही म्हणजे जमिनीवर अंग टाकून आकांत मांडते आणि घरातील माणसे ते मुळातच हट्टी आहे असे ठरवून मोकळी होतात. मानसशास्त्रज्ञ मात्र निराळाच प्रश्न विचारतात : या आकांतानंतर मुलाच्या पदरात काय पडते?

सी. डी. विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेले एक छोटेसे टिपण या दृष्टीने उद्बोधक आहे. सुमारे २१ महिन्यांचे एक बालक पहिले १८ महिने फार आजारी होते. पुढे प्रकृती सुधारली. परंतु आजारपणात जडलेली सवय सुटेना. निजविणारे माणूस खोलीबाहेर पडले की ते किंचाळू लागे, आणि त्याचा डोळा लागेपर्यंत कोणाला तरी अर्धा ते दोन तास तेथे बसावे लागे. शरीरात काही दोष नाही अशी वैद्यकीय खात्री झाल्यावर, त्याला शांतपणे व मायेने निजवावे, दार लावावे आणि पुन्हा आत जाऊ नये, असे ठरले. पहिल्या रात्री ते ४५ मिनिटे रडले. दहाव्या खेपेपर्यंत कुरकुरही उरली नव्हती.

मात्र आठवडाभराने घरातील एका नातलग स्त्रीने त्याला निजविले. ते रडू लागताच ती परत आत गेली आणि ते झोपेपर्यंत बसून राहिली. एवढ्याने जुना आकांत पुन्हा उसळला व सारा क्रम नव्याने करावा लागला. आपल्याकडील एकत्र कुटुंबांनी हा भाग विशेष लक्षात घ्यावा. आईने नाकारलेली खडीसाखर आजीने पदराआडून दिली, तर मूल एवढेच शिकते की अधिक वेळ रडले पाहिजे! अधूनमधून फळणारी सवय नेहमी फळणाऱ्या सवयीपेक्षा अधिक चिवट असते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. दुर्लक्ष सुरू केल्यावर प्रारंभी आकांत वाढतो, आणि नेमक्या त्याच वेळी पालकांचा धीर सुटतो.

मग हात उगारला जातो. मार देण्यासंबंधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात १ लाख ६० हजारांहून अधिक मुलांची माहिती होती. माराबरोबर मुलांत आक्रमकता अधिक आढळली, आज्ञाधारकपणा नव्हे. भारतात शाळेतील शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे.

दुर्लक्ष करावयाचे ते हट्टाकडे, मुलाकडे नव्हे. शांतपणे मागितलेल्या वस्तूची, आपण होऊन उचललेल्या खेळण्यांची तत्काळ दखल घेतली नाही, तर या उपायाला अर्थ राहत नाही. भूक, वेदना किंवा भीती यांमुळे येणारे रडणे हा तर हट्टच नव्हे. तेथे मुलाला जवळच घेतले पाहिजे. विल्यम्स यांच्या टिपणातील बालकाने दुसऱ्या खेपेनंतर पुढील दोन वर्षांत झोपेच्या वेळी पुन्हा आकांत केला नाही. पावणेचार वर्षांचे झाले तेव्हा ते मनमोकळे व माणसांत रमणारे होते.