चालकाची प्रतिबंधात्मक देखभाल : रणगाड्याचे उदाहरण

बिघाड होण्यापूर्वीच त्याची लक्षणे शोधून उपाय करणे म्हणजे प्रतिबंधात्मक देखभाल. भारतीय लष्कराच्या रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) आहे. टी-७२ या सुमारे ४१ टनी रणगाड्याचे उदाहरण घेऊ. चालकाची तपासणी तीन टप्प्यांत होते :

१. निघण्यापूर्वी : इंजिन तेलाची व कूलंटची पातळी, जमिनीवर गळतीचे डाग, पट्ट्यांचा ताण.
२. चालवताना : तेलाचा दाब, तापमान, अनोळखी आवाज.
३. परतल्यावर : पट्ट्यांतील चिखल-दगड काढणे, सैल भाग कसणे, नोंद करणे.

सैल पट्टा वळताना निसटू शकतो. मग इंजिन उत्तम असूनही रणगाडा जागीच अडकतो आणि आतील तिघे शत्रूचे सोपे लक्ष्य ठरतात. म्हणून आवाक्याबाहेरचा दोष चालकाने लपवू नये, लगेच कळवावा.