पाठीची शक्ती आणि पाठीचा दम

तीन महिन्यांहून अधिक काळ कंबर दुखत असलेल्या रुग्णास घरची मंडळी सहसा अंथरुणातून उठू देत नाहीत. प्रेमापोटी दिलेली ही विश्रांतीच पुष्कळदा दुखणे लांबवते.

धडाच्या स्नायूंची शक्ती आणि त्यांचा दम या भिन्न गोष्टी आहेत. धान्याचे पोते एकदा उचलणे ही शक्ती. दुकानात दिवसभर उभे राहणे किंवा यंत्रावर तासन्‌तास शिवण करणे हा दम. अशा कामांत स्नायूंना आपल्या कमाल शक्तीचा अल्प अंशच लागतो, परंतु तो सतत लागतो. थकलेल्या स्नायूंकडून मणक्यांचा तोल नीट सांभाळला जात नाही.

डेन्मार्कमधील डॉ. बीरिंग-सोरेन्सन यांनी नऊशेहून अधिक स्त्री-पुरुषांची तपासणी करून १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पलंगावर पालथे झोपवून पाय पट्ट्यांनी बांधायचे, कमरेवरचा भाग अधांतरी आडवा ठेवायचा आणि तो किती सेकंद तसा राहतो हे मोजायचे; मर्यादा २४० सेकंद. ज्या पुरुषांच्या पाठीत असा दम अधिक होता, त्यांना पुढील वर्षभरात प्रथमच कंबरदुखी होण्याचा संभव कमी आढळला. (स्त्रियांबाबत तसे दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे.) ही चाचणी रुग्णाने घरी करू नये.

ज्युली हाइड्स व सहकाऱ्यांनी १९९६ साली ऑस्ट्रेलियातून दाखवून दिले की, वेदना ओसरल्यावरही मणक्यालगतचा खोल स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही. त्यास व्यायाम द्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वेही जुनाट कंबरदुखीत व्यायामाची शिफारस करतात. कमरेचा पट्टा सर्रास वापरू नये, असे सांगतात. पट्ट्यावर खर्च करणाऱ्या कुटुंबांनी याची नोंद घ्यावी.

मात्र लघवीवरचा ताबा जाणे, पायातील शक्ती कमी होणे, ताप किंवा अकारण वजन घटणे ही लक्षणे असल्यास व्यायाम न करता तत्काळ डॉक्टरांकडे यावे.

या उपचारास महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो भौतिकोपचारतज्ज्ञांचा वेळ, आणि देणगीचा विनियोग तेथे व्हावा असे आम्हांस वाटते. हातागुडघ्यांवर राहून उजवा हात व डावा पाय उचलून दहा सेकंद धरणे, मग बाजू बदलणे, अशी सुरुवात बहुतेकांस करता येते. घरच्यांनी शेजारी बसून सेकंद मोजावेत.