मेढ्याहून मुंबईला गेलेला मेसेज वाटेत कुणालाच का वाचता येत नाही?

जावळी तालुक्यातल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी कामासाठी मुंबईत असतं. समजा, मेढ्यातल्या आईने मुंबईतल्या मुलाला व्हॉट्सॲपवर पासबुकाचा फोटो पाठवला. तो टॉवर, केबल, सर्व्हर अशा कितीतरी परक्या हातांतून जातो. फोटोला कुलूप लावलं, तरी किल्ली त्याच रस्त्याने पाठवावी लागणार. मग मधला चोर किल्लीही उचलेल की!

यावर १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी उपाय मांडला. किल्ली पाठवायचीच नाही. ती दोन्हीकडे तयार करायची.

कशी? छोटे आकडे घेऊन पाहू. २ आणि १९ हे आकडे सगळ्यांना माहीत आहेत.

आईचा फोन गुपचूप ५ हा आकडा धरतो. पाच वेळा २ घेऊन गुणाकार केला की ३२ येतात. १९ ने भागल्यावर बाकी १३. हा १३ तो उघडपणे पाठवतो.

मुलाचा फोन गुपचूप ६ धरतो. सहा वेळा २ चा गुणाकार ६४, बाकी ७. तोही ७ उघड पाठवतो.

आता आईचा फोन आलेले ७ पाच वेळा गुणतो: १६८०७, बाकी ११. मुलाचा फोन आलेले १३ सहा वेळा गुणतो: ४८२६८०९, बाकी तीच, ११!

हीच किल्ली. आणि ११ हा आकडा रस्त्यावरून गेलाच नाही.

चोराला २, १९, १३ आणि ७ दिसले. एवढ्यावरून तो ५ किंवा ६ शोधेलही. पण हेच आकडे शेकडो अंकी असले, की उलटा हिशेब आजच्या संगणकांनाही झेपत नाही. याच कल्पनेचं पुढचं रूप व्हॉट्सॲप वापरतं. एप्रिल २०१६ पासून तिथल्या सगळ्या वैयक्तिक चॅटना हे कुलूप आहे.

पण एक फट उरते. समोर मुलगाच आहे, हे गणित सांगत नाही. चोर मध्ये बसून आईशी मुलगा म्हणून आणि मुलाशी आई म्हणून वेगवेगळ्या किल्ल्या बनवू शकतो.

त्यासाठी चॅटमधल्या नावावर टॅप करून ‘एन्क्रिप्शन’ उघडा. तिथे ६० अंकी कोड दिसतो. भेटल्यावर किंवा ओळखीच्या आवाजात फोनवर तो जुळवून पाहा. जुळला, तर मध्ये कुणी नाही.

आणि ओटीपी? तो तुम्हीच चोराला सांगितला, तर कुठलंच कुलूप कामाचं नाही.