मेक्सिकोहून जास्वंदीवर

गणपतीला वाहायला जास्वंदीचं फूल तोडावं आणि बोटांना काहीतरी चिकट लागावं, हा अनुभव संगमनेरात अंगण राखणाऱ्या कुणालाही नवा नाही. नीट पाहिलं की कळीच्या देठाशी कापसाचे बारीक पुंजके दिसतात, खालच्या पानांवर काजळीसारखा थर असतो आणि बुंध्यावरून मुंग्यांची वर्दळ चाललेली असते. एक पुंजका काडीनं हळूच उचला. आत पिठात घोळल्यासारखा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा एक मऊ किडा बसलेला असतो. आपले डाळिंबवाले त्याला मिलीबग म्हणतात. मराठीतलं त्याचं नाव आहे पिठ्या ढेकूण.

हा खवले किडींच्या गोतावळ्यातला. बांगड्यांची लाख देणारा किडा त्याचा भाऊबंदच. म्हणजे पांडवांसाठी बांधलेलं लाक्षागृह याच घराण्याच्या अंगातून पाझरलेल्या लाखेचं!

जास्वंदीवर पिठ्या ढेकणाच्या तीन-चार जाती येतात. त्यातल्या एकीचा प्रवास थक्क करणारा आहे. तिचं नाव पपईवरचा पिठ्या ढेकूण. मूळ गाव मेक्सिको आणि आसपासचा मुलूख. 1955 मध्ये तिथे त्याचे नमुने गोळा झाले, पण त्याला शास्त्रीय नाव मिळायला 1992 साल उजाडलं. इतकी वर्षं कुणाला घाई का नव्हती? कारण मायदेशी तो कुणाला फारसा त्रासच देत नव्हता. मग 1994 च्या सुमारास तो कॅरिबियन बेटांवर दिसला, 1998 मध्ये फ्लोरिडात, 2008 मध्ये थेट कोइमतूरला आणि दोनेक वर्षांत आपल्या महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांत.

गंमत अशी की याच्या मादीला जन्मभर पंख फुटत नाहीत. मोठी झाली की ती फारशी हलतही नाही. मग समुद्र ओलांडले कुणी?

प्रवास घडतो तो बालपणी. एकेक मादी कापसाच्या थैलीत शेकडो अंडी घालते. त्यातून बाहेर पडणारं पिल्लू मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. वाऱ्याची झुळूक त्याला शेजारच्या अंगणात नेते, मुंग्या आणि आपले कपडे त्याला पुढच्या झाडावर पोचवतात. लांबचा पल्ला मात्र आपणच घडवतो. फळांच्या पेट्या, कलमाच्या काड्या आणि रोपवाटिकेतून हौसेनं आणलेली कुंडी ही त्याची वाहनं.

पण पपईवरचा किडा जास्वंदीवर, चाफ्यावर, तुतीवर आणि गाजर गवतावरही कसा जगतो? पानं कुरतडणाऱ्या अळीला प्रत्येक झाडाची वेगळी विषं पचवावी लागतात. हा किडा पान खातच नाही. दोऱ्यासारखी बारीक सुई आत सारून तो थेट साखररस वाहणारी नळी गाठतो. घरोघरच्या स्वयंपाकाची चव वेगळी असली तरी नळाचं पाणी बहुतेक सारखंच, तसं हे!

या रसात साखर भरपूर, पण शरीर घडवायला लागणारी द्रव्यं फारच तुटपुंजी. ती पुरवतात किड्याच्या पोटातल्या खास पेशींत राहणारे जिवाणू. लिंबूवर्गीय झाडांवरच्या पिठ्या ढेकणात तर 2001 मध्ये शास्त्रज्ञांना जिवाणूच्या आत राहणारा दुसरा जिवाणू सापडला. ढेकणात जिवाणू आणि त्या जिवाणूतही जिवाणू!

तरीही पोट भरायला ढीगभर रस प्यावा लागतो आणि जादा साखर मागून टाकावी लागते. बोटांना लागलेला चिकटा तो हाच. त्यावर वाढते ती काळी बुरशी. मुंग्या येतात त्या याच गोडव्यासाठी, आणि बदल्यात किड्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. सकाळी फूल तोडताना दिसलेल्या तिन्ही गोष्टींचं मूळ एकच निघालं ना?

शेतातलं पीक निघतं, रान मोकळं होतं. अंगणातल्या जास्वंदीला मात्र बारा महिने पाणी असतं, कोवळे शेंडे असतात. त्यामुळे शोभेचं झाड म्हणजे या किड्याची कायमची धर्मशाळाच. एका हंगामातून दुसऱ्या हंगामात तो इथूनच जातो.

मग मेक्सिकोत तो गप्प का होता? तिथे त्याचा वैरी होता, एक मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी. नाव अ‍ॅसेरोफॅगस पपाये. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते, ढेकूण वाळून टणक होतो आणि त्याला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. किडा समुद्र ओलांडून आला, वैरी मागे राहिला. 2010 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या बंगळुरूमधल्या कीटकशास्त्रज्ञांनी या माश्या पोर्तो रिकोहून आणवल्या आणि ऑक्टोबरमध्ये तमिळनाडूत सोडल्या. फवारण्यांना दाद न देणारा किडा काही महिन्यांत ओसरू लागला. औषध त्याच्या मेणाच्या पिठावरून ओघळून जायचं. माशीला मात्र ते पीठ आडवं आलं नाही.

म्हणून विनंती एवढीच. नवी कुंडी घरी आणण्याआधी पानं उलटी करून, देठांची बेचकं उघडून बघा. जास्वंदीवर पांढरे पुंजके दिसले तर लगेच औषधाचा पंप उचलू नका. आधी भिंग घ्या. फुगलेला, तपकिरी, भोक पडलेला एखादा ढेकूण दिसला तर माशी तुमच्या अंगणात पोचली आहे असं समजा. मुंग्यांची वाट तोडा, फार किडलेले शेंडे कापून नष्ट करा आणि उरलेलं काम तिला करू द्या.