परदेशस्थ पालक आणि दत्तकविधान

दत्तकविधान आपल्या समाजाला नवे नाही. भावाचे वा बहिणीचे मूल ओटीत घेऊन आपले म्हणून वाढविण्याची चाल पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. मात्र मूल घेणारे घर परदेशात असेल, तर केवळ घरच्यांची संमती पुरेशी ठरत नाही.

एक उदाहरण घेऊ. परळच्या भोईवाड्यातील चाळीत वाढलेला भाऊ नोकरीनिमित्त परदेशी स्थायिक झाला आहे. त्यास अपत्य नाही. येथे राहणाऱ्या बहिणीचे मूल त्याने दत्तक घ्यावे, असे दोन्ही घरांना वाटते. वडीलधाऱ्यांच्या साक्षीने विधी होतो, दत्तकपत्राची नोंदणीही होते. परंतु मुलाच्या प्रवेशपरवान्यासाठी अर्ज करताच अडचण उभी राहते. कारण नोंदणीकृत दत्तकपत्र म्हणजे परदेशगमनाची परवानगी नव्हे. कायद्याने मूल एका घरचे झालेले असते, आणि प्रत्यक्षात ते दुसऱ्याच घरी वाढत राहते. या ओढाताणीची झळ सर्वाधिक त्या बालकालाच लागते.

कायद्याची पार्श्वभूमी

पूर्वी परदेशी दांपत्यांना १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमान्वये न्यायालयाकडून बालकाचे पालकत्व मिळे. प्रत्यक्ष दत्तकविधान त्यांच्या देशी होई. या व्यवहारातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. त्या पत्रावरून चाललेल्या प्रकरणात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी १९८४ मध्ये निर्णय देऊन बालकाच्या संरक्षणाचे नियम घालून दिले. पुढे १९९० साली केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजेच ‘कारा’, अस्तित्वात आले. १९९३ च्या हेग करारास भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. बालकाचे हित सर्वश्रेष्ठ आणि दत्तक हा आर्थिक लाभाचा व्यवहार नव्हे, ही या साऱ्यामागील तत्त्वे होत.

नात्यातील दत्तक

बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये ‘नातेवाईक’ या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. काका, आत्या, मामा, मावशी आणि आजी-आजोबा एवढेच त्यात येतात. चुलत वा मावस भावंडे येत नाहीत. परदेशस्थ नातेवाइकाने प्रथम तो राहत असलेल्या देशातील अधिकृत दत्तक संस्थेकडे वा केंद्रीय प्राधिकरणाकडे जावे. अशी व्यवस्था नसलेल्या देशात भारतीय नागरिकांना तेथील भारतीय वकिलातीकडे जाता येते. तेथे पालकांच्या घरची परिस्थिती, आरोग्य व मिळकत तपासून अहवाल तयार होतो. इकडे जिल्हा बाल संरक्षण कक्ष बालकाच्या कुटुंबाचा अहवाल तयार करतो. त्यानंतर दत्तक-आदेश आणि ‘कारा’चे ना हरकत प्रमाणपत्र मिळवावे लागते. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तक-आदेशाचा अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकाऱ्यांस देण्यात आला आहे. पाच वर्षे वा त्याहून मोठ्या बालकाची स्वतःची संमतीही आवश्यक असते.

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ अन्वये आधीच दत्तकविधान झाले असल्यासही बालकास परदेशी नेण्यापूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून पडताळणी आणि ‘कारा’चे प्रमाणपत्र लागते. तेव्हा विधीचा मुहूर्त ठरविण्यापूर्वीच चौकशी करणे श्रेयस्कर.

परदेशातून बालक आणताना

याउलट, भारतातील दांपत्यास परदेशातून बालक दत्तक घ्यावयाचे असल्यास प्रथम त्या देशाच्या कायद्यानुसार सर्व सोपस्कार पूर्ण करावे लागतात. हेग कराराखाली लागणारी मंजुरी ‘कारा’ देते. बालकाजवळ परकीय पारपत्र असल्यास तेथील भारतीय वकिलातीकडून प्रवेशपरवाना घ्यावा लागतो.

नात्याबाहेरील दत्तक

नात्याबाहेरील निराधार बालकाच्या बाबतीत अनिवासी भारतीयांना निवासी भारतीयांच्या बरोबरीने प्राधान्य आहे. अशा दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे लागते. एकट्या पुरुषास मुलगी दत्तक घेता येत नाही. बालक व पालक यांच्या वयात किमान पंचवीस वर्षांचे अंतर असावे लागते. नात्यातील दत्तकास वयाची ही अट लागू नाही.

कोणी मध्यस्थ परस्पर मूल मिळवून देण्याचे आमिष दाखवील, तर त्यापासून सावध राहावे. निराधार बालकाची परस्पर देवघेव आणि मुलांची खरेदी-विक्री हे दंडनीय अपराध आहेत.

बालक परदेशी गेल्यावरही शासनाची जबाबदारी संपत नाही. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी व दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी त्याच्या संगोपनाचा अहवाल ‘कारा’कडे यावा लागतो. ही चौकशी पालकांना जाचक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु परक्या देशात त्या बालकाची विचारपूस करणारे आजोळ जवळ नसते. ते काम हा अहवाल करतो. म्हणून दत्तकाचा विचार मनात येताच जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी संपर्क साधावा.