बकेट कोणती होती?

पीएचडीच्या पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. तलावातून किती गाळ निघाला याचा हिशोब घेऊन मी गाईडसमोर बसलो. जेसीबीच्या ३०० बकेट मोजल्या होत्या, एका बकेटमध्ये १.१ घनमीटर मावतं, म्हणजे ३३० घनमीटर. वहीत प्रत्येक बकेटला एक रेघ, पाच रेघांचा एक गठ्ठा, सगळं नीट. सरांनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, "बकेट कोणती होती?"

मला उत्तर आलं नाही. बकेट म्हणजे बकेट, असं मी समजून चाललो होतो. तुम्ही माती, पाणी, भूगर्भ किंवा पुरातत्त्व यापैकी कशावरही काम करणार असाल, तर कधी ना कधी यंत्राने खोदकाम करून घ्यावं लागेल. तेव्हा हा प्रश्न तुमच्यावर येण्याआधी समजून घ्या.

नांदेड-लातूरकडे मागे खोदायचा हात आणि पुढे मोठी बकेट असलेलं कुठलंही यंत्र म्हणजे जेसीबी, आणि पट्ट्यांवर चालणारं मोठं खोदयंत्र म्हणजे पोकलेन, मग कंपनी कोणतीही असो. कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर हे यांचं धाकटं भावंड. चाकांऐवजी रबरी पट्टे, त्यामुळे वजन जास्त जागेवर पसरतं आणि ओलसर जमिनीत ते कमी रुततं. पुढची बकेट काढून दुसरी लावता येते. आता निवडायची कोणती?

पहिली चूक सगळे करतात ती ही: मोठी बकेट, लवकर काम. यंत्र किती आकारमान उचलतं हा मुद्दाच नाही, ते वजन उचलतं. ज्या वजनाला यंत्र पुढे कलंडायला लागतं त्याला टिपिंग लोड म्हणतात. ट्रॅक लोडरसाठी त्याच्या ३५ टक्के वजन सुरक्षित धरण्याची पद्धत आहे (चाकांच्या स्किड स्टीअरला ५० टक्के). समजा टिपिंग लोड २६०० किलो आहे, तर सुरक्षित वजन ९१० किलो. ०.६ घनमीटरच्या बकेटमध्ये कोरडी, सुटी माती भरली, घनमीटरला साधारण १२०० किलो धरून, तर ७२० किलो. चालेल. त्याच बकेटमध्ये ओला गाळ भरा, १७०० किलोच्या हिशोबाने १०२० किलो. गेलं हद्दीबाहेर. उलट साखर कारखान्यावर बगॅस हलवायचा असेल तर तो घनमीटरला शे-दीडशे किलोच्या आसपास. तिथे दीड घनमीटरची हलक्या मालाची बकेट लावली तरी यंत्राला पत्ता लागत नाही. म्हणून आधी मालाची घनता काढायची, मग बकेट. आणि जाड पत्र्याची, खडकाची बकेट लावली तर तिचं जादा वजनही त्या ९१० मधूनच वजा होतं, हे विसरायचं नाही.

दुसरा मुद्दा काळ्या मातीचा, आणि इथे पुस्तकापेक्षा ऑपरेटरला जास्त कळतं. आपल्या मातीत स्मेक्टाइट गटातलं चिकणखनिज भरपूर. पाणी मिळालं की फुगतं, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि ओलं असताना लोखंडाला सोडत नाही. आमच्या साइटवरचे ऑपरेटर मामा म्हणाले होते, "सर, मोठी बकेट लावली म्हणजे काम लवकर होत नसतंय. निम्मी माती तर परत बकेटमधीच येती." अरुंद, खोल, कोपरे असलेल्या बकेटमध्ये गाळ चिकटून बसतो. रुंद, उथळ, तोंडाकडे पसरत जाणारी बकेट लवकर रिकामी होते. ओल्या गाळाला ती बरी. खाली कडक मुरूम लागला की दात्यांशिवाय पर्याय नाही, कारण सपाट पातं वरून नुसतं घसरतं. पण तलावाच्या तळाशी दाते लावताना जपून. साठवण तलावात तळाचा चिकणमातीचा थर पाणी धरतो. तो फाडून मुरमात शिरलात तर गाळ निघतो आणि पाणीही निघून जातं. पाझर तलावात मात्र पाणी मुरणंच हवं असतं. काम एकच, 'गाळ काढणे', पण बकेट आणि खोली दोन्ही वेगळी.

आता माझ्या ३३० घनमीटरकडे येऊ. माहितीपत्रकातली १.१ घनमीटर ही क्षमता बहुधा शीग लावून भरलेली असते, सपाट नव्हे. आजी पायलीने ज्वारी मोजायची तोच फरक. लोडरच्या बकेटला शिगेचा उतार दोनास एक धरतात, म्हणजे दोन फूट आडवं तर एक फूट उभं. खोदयंत्राच्या बकेटला तो एकास एक धरला जातो. त्यामुळे दोन यंत्रांच्या बकेट एकाच खात्यात मोजणं आधीच चूक. शिवाय आमच्या बकेटमध्ये ढेकळांमधली पोकळी आणि मागे चिकटून राहिलेला गाळ धरता भरणी सरासरी ८५ टक्केच होती. ३३० चे झाले २८०. हा सुटा गाळ. तलावात दबून बसलेली चिकणमाती उकरली की फुलते; आमच्याकडे एकाचे सुमारे १.३ झाले. म्हणजे तलावात प्रत्यक्षात मोकळी झालेली जागा २८० भागिले १.३, साधारण २१६ घनमीटर. खोदण्याआधी आणि नंतर घेतलेल्या लेव्हलही याच आकड्याच्या आसपास आल्या. मी जवळपास दीडपट फुगवून सांगत होतो.

हे नुसतं थिसिसपुरतं नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. त्यात सुरुवातीला गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा होता. बकेट आणि ट्रॉल्या मोजून 'इतकी साठवण वाढली' असं सांगितलं आणि पाणी तेवढं साठलंच नाही, तर ते उन्हाळ्यात गावाला कळतं. वजनकाट्याचंही तसंच. १०० टन ओल्या गाळात कोरड्या वजनाच्या ४० टक्के पाणी असेल, तर कोरडा गाळ ७१ टनच. शेताला किती सेंद्रिय कर्ब मिळाला हे त्या ७१ वरून काढायचं, शंभरवरून नाही.

खोदायचं ते मोजण्यासाठी नसून बघण्यासाठी असेल तर निवड पुन्हा बदलते. पुरातत्त्ववाले यंत्राने वरचा थर काढताना बिनदात्यांची सपाट बकेट मागतात, कारण दाते थर नांगरून टाकतात. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला चर खणून थरांचा अभ्यास झाला. अशा कामात काही सेंटीमीटरच्या सरकण्यावर सगळा निष्कर्ष उभा असतो. मात्र सपाट पातं ओल्या काळ्या मातीला लिंपल्यासारखं गुळगुळीत करतं आणि मातीची रचना दिसेनाशी होते. म्हणून मातीच्या खड्ड्याची भिंत यंत्राने काढली तरी शेवटचे १०-१५ सेंटीमीटर सुरी-खुरप्याने स्वतः काढा, आणि घनतेचं सॅम्पल त्या आतल्या, न हललेल्या मातीतूनच घ्या. बकेटमधल्या मातीची घनता काढलीत तर ती बकेटमधल्या मातीचीच असते.

माझ्या फिल्ड वहीत आता पहिल्या पानावर हे असतं: बकेटची रुंदी टेपने मोजून, दाते की सपाट, क्षमता सपाट की शिगेची, पहिल्या दहा बकेट किती भरल्या, आणि सकाळी व दुपारी ओलाव्याचं एकेक सॅम्पल. टेप शेजारी धरून बकेटचा एक फोटो. मामा फोटो काढताना हसतात, पण टेपचं दुसरं टोक तेच धरतात.